शंभर टक्के पास

वंग सू-लुआन नर्सबाईंना माणूस भेटला की त्या आधी त्याचे डोळे बघतात, मग चेहरा. नाव विचारायचं तर बऱ्याचदा राहूनच जातं. मासा घेताना माशाचा डोळा सगळेच बघतात. पण मासळीवालीची पापणी वर उचलून, "अगं, लाल झालाय की! उद्या दवाखान्यात ये," असं भर बाजारात सांगणारी बाई हायलिआओ गावच्या सगळ्या किनाऱ्यावर एकच. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारची खुर्ची बराच वेळ रिकामी असते. नवऱ्यानं तर लग्नानंतर महिन्याभरातच चष्मा करून घेतला. रोजच्या कटकटीपेक्षा तो बरा, असं तो अजून सांगतो.

देवालाही त्यांनी सोडलं नाही. आमच्या मात्सू देवीच्या देवळात हिरव्या अंगाचा एक राखणदार आहे, हजार कोसांवरचं बघणारा. कपाळावर आडवा हात धरून, डोळे बारीक करून तो समुद्राकडे टक लावून उभा असतो. गावाला त्याचा कोण अभिमान! आणि आमच्या बाई ऐन उत्सवात, उदबत्ती लावता लावता पुजाऱ्याला म्हणाल्या, "लांबचं बघायला डोळे इतके बारीक करावे लागतात, म्हणजे याला नक्की नंबर आहे." पुजारी पुढे दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही. बोलायला लागला तेव्हा स्वतःच्या डोळ्याला लागलेल्या धारेबद्दलच बोलला, ही गोष्ट वेगळी.

वंगबाई गावच्या सरकारी दवाखान्यात सत्तावीस वर्षं नोकरीला. लशी, डास, म्हाताऱ्यांचा रक्तदाब, सगळं त्या करतात, पण जीव अडकलेला बालवाडीच्या डोळेतपासणीत. दर शरद ऋतूत, खारा वारा सुटला की त्या स्कूटरच्या मागे तक्ता बांधून निघतात. तक्ता म्हणजे काय, तीन दातांच्या काळ्या खुणांच्या दहा ओळी, वर मोठ्या, खाली बारीक होत गेलेल्या. कुठल्या खुणेचे दात वर, कुठल्या खुणेचे खाली, कुठल्या खुणेचे डावी-उजवीकडे. चार-पाच वर्षांच्या मुलानं एक डोळा झाकायचा, लाल पट्टीवर उभं राहायचं आणि बाई काठी ठेवतील त्या खुणेचे दात कुठे आहेत ते हातानं दाखवत सांगायचं. आठव्या ओळीपर्यंत जमलं की पास. नाही जमलं की गुलाबी चिठ्ठी, आणि चिठ्ठी घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पाच वर्षांपूर्वी 'शिंपला' बालवाडीतलं एक मूल तपासणीच्या वेळी भोकाड पसरून रडलं होतं. खुणेला हात करायचा म्हणजे काय, हेच त्याला कळत नव्हतं. दुपार होत आलेली, अजून वीस मुलं बाकी. एक डोळा कसाबसा झाला, तो चांगला निघाला. दुसराही चांगलाच असणार, असं धरून बाईंनी शिक्का मारला. नवव्या वर्षी शाळेत कळलं, दुसऱ्या डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. बाहेरून डोळा एकदम धडधाकट, तिरळा नाही की लाल नाही. नुसता आळशी. एकाच डोळ्यावर काम चालतंय म्हटल्यावर मेंदूनं दुसऱ्याकडे बघणंच सोडून दिलेलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "पाचव्या वर्षी आणलं असतंत तर झालं असतं काही. आता उशीर झाला." त्या शिक्क्याच्या कागदाची प्रत वंगबाईंच्या टेबलावर काचेखाली आहे. लोकांना वाटतं ते कार्यालयाचं परिपत्रक आहे. बाई ती रोज वाचतात आणि रोज त्यांना स्वतःची लाज वाटते.

पुन्हा कुठलं मूल न कळल्यामुळे रडू नये म्हणून यंदाच्या तपासणीपासून त्यांनी पालकांना एक पत्रक धाडायला सुरुवात केली. खाली कागदाची तीन दातांची खूण कापायला दिलेली, आणि वर वळणदार अक्षरात: 'तपासणीच्या आधी मुलांकडून घरी भरपूर सराव करून घ्यावा.'

बाईंनी हे वाक्य कुठल्या देशात लिहिलं, हे त्या साफ विसरल्या. आमच्याकडे 'तपासणी' आणि 'सराव' हे दोन शब्द एका ओळीत दिसले की आई-बाप, आजी-आजोबा सगळे कंबर कसतात. कुठे परीक्षा आहे म्हटल्यावर कशाची, हे विचारायला कोणी थांबत नाही.

त्यात होउ बोंग-ची तर मुळीच थांबणारी नव्हे. बोंग-ची म्हणजे 'असू दे, झालीच आहे तर वाढवू'. चौथी मुलगी झाल्यावर बापानं ठेवलेलं नाव. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही. आता वय बहात्तर. समुद्राकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ बायकांना घेऊन ती कालवं फोडायला बसते. हातात आखूड सुरी, समोर शिंपल्यांचा डोंगर आणि तोंड सुरीहून धारदार. सगळं गाव तिला अमा म्हणतं, म्हणजे आजी. खरी नात एकच, साडेचार वर्षांची युन-युन. तिचे आई-बाप उत्तरेला शिनचूला कारखान्यात. पोर आजीपाशी वाढतेय, आणि सून दर रविवारी फोनवर विचारते, "आई, तिला मोबाइल बघायला देत नाही ना तुम्ही?" या प्रश्नाची अमाला कालवाच्या कडेपेक्षा जास्त धास्ती. पोरीचं काही वावगं निघालं तर सून तिला घेऊन जाईल, हे अमानं मनात पक्कं धरलेलं.

पत्रक आलं तेव्हा शेडमधल्या एकीनं ते वाचून दाखवलं. अमानं सुरी खाली ठेवली.

"डोळ्यांचीसुद्धा परीक्षा?"

"असं लिहिलंय खरं."

"मग शिकवणी नको का लावायला?" अमा उठलीच.

तक्ता मिळायलाही अडचण पडली नाही. वंगबाईंनीच आपला जुना, कोपरे फाटलेला तक्ता देवळाच्या ओसरीवर म्हाताऱ्यांसाठी लावून ठेवला होता. अमानं पुजाऱ्याला शेरभर कालवं दिली आणि तक्ता शेडमध्ये आणून पाण्याच्या पिंपावर टांगला. बालवाडी सुटली की चार वाजता शेडमधल्या बायकांची नातवंडं तिथेच यायची. मग शेजारपाजारची यायला लागली. बघता बघता शिंपला बालवाडीची निम्मीअधिक मोठी मुलं अमाच्या शिकवणीला! अमा सुरीनं पिंपावर ठेका धरायची आणि पोरं देवीच्या पालखीपुढे म्हणावं तशा चालीत म्हणायची, "वर, उजवी, खाली-खाली, डावी! डावी, वर, उजवी-उजवी, खाली!" आठ ओळी घडाघडा. चुकला त्याला परत पहिल्यापासून. ज्याचं बरोबर आलं त्याला पेरूची फोड, वर आंबटगोड मनुक्याची भुकटी भुरभुरून. जी मुलं शेडमध्ये येत नव्हती त्यांना येणाऱ्यांनी शिकवलं, कारण चाल झकास होती.

वंगबाईंना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. बाई त्या पंधरवड्यात शेजारच्या गावांतून फिरत होत्या.

तपासणीचा दिवस उजाडला. शिंपला बालवाडीच्या मुख्याध्यापिका न्येनबाई म्हणजे कायम धापा टाकत हसणारी बाई. त्यांनी झोपायच्या सतरंज्या गुंडाळून खोली मोकळी करून दिली. वंगबाईंनी तक्ता खिळ्याला अडकवला, पाच मीटर मोजून जमिनीवर लाल पट्टी चिकटवली आणि काठी घेतली. काठी नेहमी डावीकडून उजवीकडे, ओळीनं चालवायची ही त्यांची सत्तावीस वर्षांची रीत. काठी उड्या मारायला लागली की लहान मुलं बिथरतात, असं त्यांचं म्हणणं.

पहिलं मूल आलं, आठही ओळी बरोबर. दुसरं, तेही. दहावं, पंधरावं, सगळी बरोबर. कोणी रडेना, कोणी अडेना. दहाच्या सुमाराला बाईंचा ऊर भरून आला.

"न्येनबाई, काय मुलं आहेत हो तुमची! गाजराचा रस देता काय?"

"अहो वंगताई, तुमच्या पत्रकाचा प्रताप!" न्येनबाई म्हणाल्या आणि तेवढ्यात त्यांनी पालकांच्या फोनच्या गटावर टाकूनही दिलं: 'आतापर्यंत शंभर टक्के पास!' वर सतरा फुगे.

चाळीस मुलं झाली, चाळीसही पास. एक्केचाळिसावी युन-युन. दोन शेंड्या, पुढचा एक दात पडलेला, आणि चेहरा पंतप्रधानांचं भाषण असावं इतका गंभीर. उजवा डोळा तिनं व्यवस्थित तपासून घेतला. मग तो झाकला आणि डाव्या डोळ्यानं सुरू झाली. "वर, उजवी, खाली-खाली, डावी..."

तिसऱ्या ओळीवर वंगबाईंच्या नाकाला खाज सुटली. त्यांनी काठी उचलून टोकानं नाक खाजवलं.

"डावी!" युन-युन म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्याच वेळी भिंतीवर एक डास बसला. बाईंच्यातली डासवाली नर्स जागी झाली आणि काठीनं डासाला फटका बसला.

"वर!" युन-युन म्हणाली. "उजवी-उजवी, खाली!"

बाहेर ओळीत बसलेली, तपासणी झालेली मुलं ठेक्यात माना हलवत होती. काहींचे ओठही हलत होते.

वंगबाईंनी तक्ता खिळ्यावरून काढला, उलटा केला आणि परत अडकवला. बारीक ओळी वर, मोठ्या खाली.

"युन-युन, बाळा, आता परत एकदा हं. आधी उजव्या डोळ्यानं."

पोरीनं डावा डोळा झाकला, समोर पाहिलं आणि खो-खो हसत सुटली. "नर्समावशी! तू फळा उलटा टांगलास! मावशीला काही येत नाही!"

"अगं बाई, खरंच की! थांब, सरळ करते." बाई तक्त्यापाशी गेल्या, खुडबुड केल्यासारखं केलं आणि तो उलटाच ठेवून परत आल्या. "हं. आता हा डोळा झाक. कसा आहे आता?"

युन-युननं उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्यानं तक्त्याकडे रोखून पाहिलं. हसली नाही. ताठ उभी राहिली आणि गंभीरपणे म्हणाली, "आता सरळ आहे." आणि उलट्या तक्त्यासमोर पूर्ण आठ ओळी, एकही चूक न करता, चालीसकट म्हणून दाखवल्या.

न्येनबाईंनी टाळ्या वाजवल्या. वंगबाई मटकन बालवाडीच्या छोट्या खुर्चीत बसल्या, इतक्या छोट्या की गुडघे कानाशी आले. त्यांना त्या काचेखालच्या कागदाची आठवण झाली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते पुसत त्या म्हणाल्या, "न्येनबाई, सगळ्यांना परत बोलवा. आणि ते फुगे पुसून टाका."

"अहो, पण मी केकसुद्धा सांगितलाय!"

"केक खा. फुगे पुसा."

त्या दिवशी काठीनं जन्मात मारल्या नसतील एवढ्या उड्या मारल्या. उलट्या तक्त्यापुढे अमाचे सगळे विद्यार्थी गोंधळले, हसले आणि मग बिचारे दिसत होतं ते खरं सांगायला लागले. अडतीस पास. दोघांना साधे नंबर. आणि युन-युनचा डावा डोळा पहिल्या ओळीच्या, ताटाएवढ्या खुणेवर अडला. एकाच डोळ्यावर दोघांचं काम चाललं होतं आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. दोन्ही डोळे मिळून बघतात का ते तपासायचं ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक हाताशी असतं तर हे लगेच कळलं असतं, पण ते त्या आठवड्यात शेजारच्या गावी गेलेलं.

संध्याकाळी वंगबाई गुलाबी चिठ्ठी घेऊन शेडमध्ये गेल्या. अमानं फोनवर आलेलं 'शंभर टक्के पास' एकीकडून कागदावर लिहून घेऊन देवळाच्या कॅलेंडरशेजारी भातानं चिकटवलं होतं.

"ये गं सू-लुआन, ये! पाहिलंस? शंभर पडले आमच्या पोरीला. बस, चहा घे." अमानं चहा ओतला. ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवलं, टण्ण! असा आवाज झाला आणि मगच धार सोडली. शेडमधला प्रत्येक कप काठाला टवके उडालेला.

"अमा, तुम्ही मुलांना तक्ता पाठ करायला लावलात."

"मग? पत्रकात तूच लिहिलंस ना, सराव करून घ्या? मी काय कमी करून घेतला?"

चूक बाईंचीच होती. त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "युन-युनच्या डाव्या डोळ्याला नीट दिसत नाही. मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवं, लवकर. चष्मा लागेल, चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी लावावी लागेल, म्हणजे आळशी डोळा कामाला लागेल. आत्ता केलं तर बरा होतो. मोठी झाल्यावर होत नाही."

अमानं चिठ्ठीला हात लावला नाही. "सकाळी पास, संध्याकाळी नापास? कुठल्या शाळेत एका दिवसात दोनदा परीक्षा घेतात गं? आणि चांगला डोळा झाकायचा? चांगला बैल गोठ्यात बांधून लंगडा नांगराला जुंपायचा? ही कुठली विद्या!"

बाकीच्या बायका सुऱ्या थांबवून ऐकत होत्या. एक म्हणाली, "आमच्या गावाला तर हजार कोसांचं बघणारा आहे. इथे कोणाचे डोळे जातात?"

"त्यालाच आधी चष्मा द्या," वंगबाई वैतागून बोलून गेल्या, आणि मग त्यांना शेडमधून हाकलण्यात आलं. जाताना स्कूटरला कालवांची पिशवी मात्र कोणीतरी अडकवून दिली. भांडण झालं म्हणून काय माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं?

ती पिशवी परत करायला बाई दुसऱ्या दिवशी गेल्या, कारण सरकारी माणसानं काही घ्यायचं नसतं. पुन्हा चिठ्ठीचा विषय, पुन्हा हाकलपट्टी, पुन्हा पिशवी. तिसऱ्या दिवशी अमानं आवाज खाली आणून खरं काय ते सांगितलं. "सू-लुआन, माझी सून त्या चिठ्ठीची वाटच बघतेय. म्हणेल, आईंनी पोरीचे डोळे घालवले. घेऊन जाईल तिला. मग मी इथे या शिंपल्यांशी बोलू?"

वंगबाईंचा राग तिथल्या तिथे विरघळला. पण चिठ्ठी त्यांनी खिशात घातली नाही.

तेवढ्यात युन-युन बालवाडीतून आली. पाहुणी आलेली बघून मोठ्या ऐटीत किटली उचलली आणि बाईंच्या कपात चहा ओतायला लागली. किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकलं. टण्ण! मग धार सुटली, अर्धी कपात आणि अर्धी बाईंच्या मांडीवर.

"आमच्या होउ घराण्याची रीत आहे ही," अमा म्हणाली. "मीही लहानपणापासून अशीच ओतते. नाहीतर धार कुठे पडेल याचा नेम नाही."

वंगबाई मांडी पुसायच्या थांबल्या. त्यांनी अमाच्या डाव्या हाताकडे पाहिलं. बोटांवर सुरीचे वण, बारीक बारीक, शेकड्यांनी. शेडमधल्या दुसऱ्या कोणाच्या हातावर इतके नव्हते.

"अमा, तुमचे डोळे कधी तपासले?"

"माझे?" अमा खदखदून हसली. "अगं, मी डोळे मिटून कालव फोडते. घे, घे माझी परीक्षा! बघा गं बायांनो!" आणि ती तरातरा जाऊन तक्त्यापासून लांब उभी राहिली. स्वतःच्या हातानं डावा डोळा झाकला, घडाघडा म्हणाली. मग उजवा झाकला, घडाघडा म्हणाली. चालीसकट. शेडमध्ये टाळ्या पडल्या.

"वा! शंभर मार्क," वंगबाई म्हणाल्या. "डोळा तसाच झाकलेला ठेवा हं." त्या तिच्या अगदी समोर, हातभर अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या. एका हातात फोडलेलं कालव धरलं, दुसऱ्या हातात रिकामा शिंपला. "आता सांगा, कालव कुठल्या हातात?"

अमानं मान पुढे काढली.

"दोन्ही हात नीट वर धर की," अमा म्हणाली.

"वरच आहेत, अमा. तुमच्या नाकासमोर."

अमानं झाकलेला डोळा उघडला, बाईंचे हात पाहिले, पुन्हा झाकला. पुन्हा उघडला. असं चार-पाच वेळा केलं. मग शेजारच्या बाईला विचारलं, "आ-ह्वे, तू एकेका डोळ्यानं बघ बरं. दोन्हीनं दिसतं?"

"दिसतं की, अमा."

"दोन्ही डोळ्यांनी? वेगवेगळं, सारखंच?"

"सारखंच."

"अगं, मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं," अमा हळूच म्हणाली. "एक बघायला, एक जोडीला." ती उपड्या घातलेल्या पाटीवर बसली. "लहानपणी चेंडू झेलता यायचा नाही. सुईत दोरा जायचा नाही. आई म्हणायची, धांदरट आहे मेली, उगाच वाढवली. मी म्हणायचे, असेन धांदरट." तिनं आपल्या बोटांवरचे वण चाचपले. वंगबाईंना सत्तावीस वर्षांत कधी आलं नव्हतं तसं रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. या बाईच्या हातचा चहा त्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पीत आल्या होत्या. ती टण्ण त्यांनी हजार वेळा ऐकली असेल. गावभर लोकांच्या पापण्या उचलत फिरणाऱ्या बाईनं या एका म्हातारीचे डोळे कधी पाहिले नव्हते.

"माझा होईल बरा?" अमानं विचारलं.

"नाही, अमा. तुमचा उशीर झाला."

"आणि तिचा?"

"तिचा वेळेवर आहे."

अमानं हात पुढे केला. "आण ती चिठ्ठी." कमरेच्या पिशवीतून तिनं सहीऐवजी वापरायचा आपल्या नावाचा शिक्का काढला, फुंकर मारून चिठ्ठीवर दाबला. इतका जोरात की पाटी हलली. मग सुनेला स्वतःहून फोन लावला आणि तिला एक अक्षर बोलू न देता सांगितलं, "पोरीच्या डोळ्यात खोट आहे, ती माझ्याकडून आली असेल, मोबाइलकडून नाही. औषध पट्टीचं आहे, आणि पट्टी लावायला माझ्याइतकं कडक माणूस तुझ्या शिनचूत मिळायचं नाही. घेऊन जायचं असेल तर बरी झाल्यावर घेऊन जा."

मग सून म्हणाली, "आई, तुम्हीच ठेवा. आम्ही दर महिन्याला येतो."

पुढचे आठ महिने गावानं अमाचं राज्य पाहिलं. चष्मा आला, पट्ट्या आल्या. युन-युन पट्टी ओढून काढायची, म्हणून अमानं शेडचा कायदा केला: रोज चार ते सहा सगळ्यांनी एक डोळा बांधून बसायचं. आठही बायका, झाडून सगळ्या, रुमाल बांधून कालवं फोडायला लागल्या. दोघींनी बोटं कापून घेतली. "आता कळलं?" अमा म्हणायची. "मी बहात्तर वर्षं असं काम करतेय." देवळातल्या हिरव्या राखणदाराच्या एका डोळ्यावरही एके सकाळी पट्टी चिकटलेली सापडली. पुजारी तडक वंगबाईंकडे आला. बाईंनी देवीची शपथ घेतली.

बाईंनी पत्रकही बदललं. आता त्यात एकच ओळ असते: 'मुलांना काहीही शिकवून पाठवू नये. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायला सांगावं.' आणि काठी उड्या मारते. एकही मूल बिथरलं नाही. सत्तावीस वर्षं उगाच ओळीनं चालवली.

उन्हाळ्यात फेरतपासणी झाली, दवाखान्यातच. अमाला भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि ती मधे बोलू नये म्हणून तिच्या तोंडात पेरूची मोठी फोड दिली. युन-युनचा उजवा डोळा झाकला. पहिली ओळ, बरोबर. दुसरी, तिसरी. चौथीला पोर जरा थांबली, मान पुढे केली, बरोबर. पाचवी, एक चूक, बाकी बरोबर. सहावी.

"दिसत नाही," युन-युन म्हणाली.

भिंतीकडे तोंड केलेल्या पाठीला झटका बसला. अमानं फोड गिळली. "पाच ओळी? दहातल्या पाच? म्हणजे काठावर?"

"अमा, शरदात पहिली ओळसुद्धा दिसत नव्हती."

"हं," अमा म्हणाली. तिला पटलं नव्हतं. पन्नास मार्कांनी आमच्याकडे कोणाचं समाधान होत नाही.

घरी गेल्यावर वंगबाईंना चहासाठी थांबवून घेतलं. अमा कालवं कढईत परतायला वळली, आणि मागे युन-युननं किटली उचलली. चष्म्यातून कपाकडे नीट पाहिलं. किटली कपाच्या वर, चांगली वीतभर उंच धरली आणि धार सोडली. धार सरळ कपात गेली. एक थेंब बाहेर नाही.

अमा पाठमोरीच म्हणाली, "अगं, ओत की लवकर. नर्सबाई खोळंबल्यात."

"ओतला, अमा."

"कधी? आवाज नाही आला." ती वळली. भरलेला कप पाहिला, कोरडं टेबल पाहिलं. परतायचं उलथणं तिच्या हातातच राहिलं. मग तिनं आपला कप युन-युनपुढे सरकवला, काठाचे टवके उडालेला, आणि म्हणाली, "मलाही घाल. असाच. वरून."